कलशाला फुटलेला हात

लोक चित्रकला शिकतात, गाणं शिकतात, ते म्हणे मन रमावं म्हणून. मी कॉम्प्युटरवर फोटोंची पानं सजवायला शिकले ती एका बाईचा सूड घ्यायला. ती बाई म्हणजे माझी मोठी जाऊ. तोंडावर मी तिला ताई म्हणते, अहोजाहो करते आणि पुढेही करीन. पण इथे माझी मी लिहितेय, म्हणून इथे ती फक्त 'ती'.

आम्ही सुकापूरला एकाच घरात राहतो. खाली ती, वर आम्ही. शेत होतं तिथे आता टॉवर उभे राहिलेत, घर मात्र सासऱ्यांनी बांधलेलं तेच आहे. तिला लग्न होऊन आल्यापासून फोटोंचा नाद. आधी कात्री आणि डिंक घेऊन वहीत चिकटवायची, पुढे मुलांनी लॅपटॉप दिला तशी त्यावर करायला लागली. बारसं असो, वाढदिवस असो, गौरी असोत, दुसऱ्या दिवशी घरच्या ग्रुपवर तिचं पान हजर. वर आंब्याच्या पानांचं तोरण, चार कोपऱ्यांत रांगोळी, कडेला पैठणीचा काठ, खाली समई आणि मध्ये आम्ही. हे सगळं ती नेटवरून आयतं उतरवून घ्यायची आणि त्याला 'आपलं पारंपरिक' म्हणायची. दहावीच्या निकालाला तोरण, नव्या स्कूटरलाही तोरण. एकदा माझ्या दिराच्या हर्नियाच्या ऑपरेशननंतर 'सुखरूप घरी' असं पान केलं, त्यालाही तोरण. लोक मात्र अंगठे आणि हार पाठवायचे, आणि 'ताईंचा हात धरणारं कोणी नाही' असं लिहायचे. मीही लिहायचे. तेव्हा माझं काही बिघडलं नव्हतं.

बिघडलं ते माझ्या मुलीच्या हळदीत.

माझी आये उरणकडच्या गावात एकटी राहते. मिठागरात काम करून तिने आम्हाला वाढवलं. मी शाळेत होते तेव्हाच बाप गेला. तेव्हापासून कुणाच्याही हळदीला आये मांडवात यायची नाही. मागे चुलीजवळ बसायची, तांदूळ निवडायची, भांडी आवरायची. कुणी तिला तसं सांगायचं नाही आणि कुणी ये असंही म्हणायचं नाही. माझ्या स्वतःच्या हळदीला ती मागच्या पडवीत होती. मी तेव्हा लहान होते, गप्प बसले.

माझी पोर गप्प बसणारी नाही. खारघरच्या कॉलेजात शिकली, तिथेच नोकरीला लागली. हळदीच्या दिवशी पाटावर बसली आणि म्हणाली, "आजी कुठंय? आजीने लावल्याशिवाय मी कुणालाही हात लावू देणार नाही." डीजे थांबला. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. आये मागून म्हणत होती, "नको गो बाय, नको, तुमी लावा, मी हाय हितंच." शेवटी पोर स्वतःच उठली, मागे गेली आणि आजीला दंडाला धरून मांडवात घेऊन आली. आयेने पदराला हात पुसले, ताटातली हळद बोटांवर घेतली आणि नातीच्या गालाला लावली. मिठाने तडकलेली तिची बोटं, त्यांवर ती पिवळी हळद. पोर रडत होती आणि हसत होती. फोटोवाल्याने बरोबर तो क्षण टिपला. अख्ख्या लग्नातला मला हवा असलेला फोटो तेवढाच.

अल्बमची पानं करायचं काम अर्थात तिचं होतं. ते कुणी ठरवावं लागत नाही. फोटोवाल्याने सगळे फोटो दिले, तिने पानं सजवली, छापायला दिली आणि जाड पुठ्ठ्याचे, मखमली खोक्यातले अल्बम नात्यातल्या घरोघर वाटले. आयेचा अल्बम मीच घेऊन गेले. आम्ही दोघी तिच्या ओट्यावर बसून बघत होतो. हळदीचं पान आलं.

वर तोरण. कडेला केळीचे खुंट. मध्ये माझी पोर पाटावर, डोळ्यांत पाणी, ओठांवर हसू. आणि जिथे माझी आये होती तिथे एक मोठा पितळी कलश, वर नारळ, आंब्याची पानं, कुंकवाचं स्वस्तिक. आये अख्खी झाकली होती. फक्त एक चूक झाली होती. कलश पुरला नव्हता. कलशाच्या पोटातून कोपरापासून पुढे एक हात बाहेर आला होता आणि तो माझ्या पोरीच्या गालाला हळद लावत होता.

मी पान उलटायला गेले. आयेने माझा हात धरला. बराच वेळ बघितलं. मग हसली आणि म्हणाली, "हात तरी ठेवला न गो तिनी."

मला ते हसू सहन झालं नाही. रडली असती तर मी तिच्या गळ्यात पडले असते. हसल्यावर काय करायचं?

घरी आले, आमचा अल्बम उचलला आणि तडक खाली गेले. ती टीव्ही बघत होती. मी पान उघडून समोर धरलं. म्हटलं, "ताई, हे काय आहे?"

"काय आहे? हळदीचं पान आहे."

"माझी आये कुठंय यात?"

तिने टीव्हीचा आवाज कमी केला. चिडली वगैरे नाही. चिडली असती तरी बरं झालं असतं. मला समजावायला लागली. "हे बघ, तुझ्या आयेला मी मानते. पण शुभकार्याचं पान आहे. उद्या पोरीच्या सासरचे बघतील, त्यांची माणसं बघतील. हळदीच्या पानावर विधवा बाई बरी दिसते का? आणि मी काय दगड ठेवलाय तिथे? कलश ठेवलाय. चांगलाच मान दिलाय."

"पान बदलून द्या. सगळ्यांच्या अल्बमात."

"अगं, छापून झालं आता. एवढ्यातेवढ्यावरून काय करायचं?"

वर आले, नवऱ्याला दाखवलं. तो पान बघून म्हणाला, "अरेच्चा, हात राहिलाय की." मग म्हणाला, "जाऊ दे ना. वहिनींचा स्वभाव तुला माहीत आहे." आमच्याकडे 'जाऊ दे'वर सगळं जातं. मी ठरवलं, हे जाणार नाही. आये आता थकलीय. ती आहे तोवर प्रत्येक घरातल्या अल्बमात ती पुरी दिसली पाहिजे, आणि ते त्या बाईच्या हातूनच झालं पाहिजे. आणि त्याआधी तिला कळलं पाहिजे, आपल्याच पानावर आपण नसलो की कसं लागतं.

पनवेलला बसस्टँडच्या मागे एका इमारतीत बॅनर आणि पत्रिका करायला शिकवायचा क्लास आहे. पन्नाशीची बाई बघून तिथली पोरं मला कुणाची तरी आई समजली. सर तरुण होते, पण आत्ताच पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स करून कंटाळलेले. फ्लेक्सवर कुणाचं तोंड मोठं, कुणाचं छोटं, कुणाचं कुणाच्या खाली, यावरून इथे दोस्त्या तुटतात, त्यामुळे तोंड झाकायच्या बाबतीत त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. मी त्यांना तो कलश दाखवला. ते म्हणाले, "मॅडम, हे तर गल्लीतलं पोरगंपण करेल. झाकायचं असेल ना, तर झाकलंय असं दिसताच कामा नये. लोकांनी 'वा' म्हटलं पाहिजे." मी ते मनावर कोरून घेतलं.

मी झपाट्याने शिकले. राग असला की डोकं चालतं. फोटोवर फोटो थरांनी कसे ठेवायचे, एकेक थर कसा पुसट करायचा, कडा फाटलेल्या कागदासारख्या कशा करायच्या, खाली सावली किती पाडायची. आयतं उतरवून घेतलेलं काही वापरायचं नाही असा मी निश्चय केला. कळंबोलीला नवऱ्याचं ट्रान्सपोर्टचं ऑफिस आहे. तिथल्या स्कॅनरवर मी अळूचं पान ठेवलं, जुन्या लुगड्याचा काठ ठेवला, कागदावर हळदीचा ओला हात उमटवून तो ठेवला. एकदा प्लास्टिकच्या पिशवीत जाडं मीठ पसरून काळ्या कापडाखाली स्कॅन केलं, तर काय सुंदर आलं! नवरा म्हणाला, "ऑफिसचा स्कॅनर आहे तो, स्वयंपाकघर नाही." मी म्हटलं, "तुम्ही जाऊ दे म्हणा आणि सोडून द्या."

सराव कुणावर करायचा, हा प्रश्नच नव्हता. तिचे फोटो माझ्याकडे भरपूर होते. तिला झाडामागे लपवलं. तिला धुक्यात घातलं. एकदा तर सत्यनारायणाच्या पूजेत तिच्या जागी केळीचा घड बसवला आणि तो इतका शोभून दिसला की मी एकटीच हसत बसले. ही पानं मी कुणाला दाखवली नाहीत. पण मन कसं शांत व्हायचं! लोक उगाच प्राणायामाचे क्लास लावतात.

मग मी ग्रुपवर उतरले. गौरींना तिने सकाळी पान टाकलं, तोरणासकट. मी दुपारपर्यंत थांबले आणि माझं टाकलं. गौरीमागे अळूच्या पानाच्या शिरा, कडेने तांदळाच्या पिठाच्या पाण्याने मी स्वतः काढलेली वेलबुट्टी, कोपऱ्यात कुंकवाचं एक बोट, बस. ग्रुप नुसता उसळला. 'कोणी केलं?' 'काय कला आहे!' 'वहिनी, तुम्ही छुप्या रुस्तम निघालात.' तिच्या पानाखाली दोन अंगठे, त्यातला एक तिच्या नवऱ्याचा. दिवाळीला तेच. दत्तजयंतीला तेच. मी तिच्यामागून ठरवून टाकायचे, म्हणजे दोन्ही पानं लोकांना खालीवर दिसावीत.

एके दिवशी ती वर आली. लॅपटॉप घेऊन. मला म्हणाली, "तू ती फोटोखाली सावली पाडतेस ना, ती कशी गं?" माझ्या आयुष्यातल्या चांगल्या सकाळींमध्ये ही सकाळ येते. मी तिला चहा दिला, शेजारी बसवलं आणि सगळं उलटं शिकवलं. "सगळे आकडे शंभरवर न्यायचे ताई, मग उठून दिसतं." पुढच्या बारशाच्या पानावर बाळाच्या मागे चुलीच्या काजळीसारखी काळीकुट्ट सावली पडली होती. बाळाच्या आजीने ग्रुपवर विचारलं, 'हे मागे काय आलंय?' मी लिहिलं, 'छान आहे हो ताई.'

त्यानंतर तिने पानं करणं सोडलंच. मला वाटलं होतं मला थोडं वाईट वाटेल. नाही वाटलं.

आणि मग संधी आपल्या पायांनी चालत आली. माझ्या थोरल्या दिरांची, म्हणजे तिच्या नवऱ्याची साठी होती. नवीन पनवेलला हॉल घेतला होता, मोठा पडदा लावणार होते, त्यावर त्यांच्या आयुष्याची पानं दाखवायची होती. ती वर आली. या वेळी लॅपटॉप नव्हता. म्हणाली, "तुझा हात बसलाय आता. यांची पानं तूच कर. माझ्यानं होत नाही तसं." आणि तिने घरातले सगळे फोटो माझ्या हवाली केले. अगदी लग्नापासूनचे.

मी म्हटलं, "ताई, काळजीच करू नका."

ती पानं मी केली तशी पुन्हा माझ्याच्याने होणार नाहीत. लग्नाच्या फोटोत दीर आणि ती अंतरपाट दूर झाल्यावर उभे आहेत. मी पाण्यात हळद कालवली, कागदावर ओघळ सोडले, ते सुकवून स्कॅन केले आणि तिच्यावर अंथरले. पिवळ्या ओघळांत ती विरघळून गेली. शिल्लक राहिला फक्त हात, दिरांच्या हातात दिलेला, हिरव्या चुड्याचा. माथेरानच्या सहलीत धुकं आयतंच होतं, ते मी थोडं खाली ओढलं. धुक्यातून एक हात दिरांना कणीस देतोय. वास्तुशांतीच्या फोटोत होमाचा धूर. धुरातून पळी धरलेला हात. मुलाच्या मुंजीत फुलांचा पडदा, त्यातून बटूच्या तोंडात घास देणारा हात. दर पानावर ती होती आणि दर पानावर फक्त तिचा हात होता. आणि सर म्हणाले होते तसंच, कुठेही झाकलंय असं दिसत नव्हतं.

नवऱ्याला दाखवलं. त्याने सगळी पानं बघितली आणि म्हणाला, "एक नंबर. दादा खूश होणार." मला वाटलं, काय माझी कला! सख्ख्या दिराला वहिनी गायब झालेली कळली नाही.

हॉल भरला होता. गावातले, नात्यातले, दिरांच्या ऑफिसातले. ती पहिल्या रांगेत सोफ्यावर, जांभळ्या शालूत. मी बाजूच्या भिंतीपाशी उभी राहिले, पडद्याकडे पाठ आणि तिच्याकडे तोंड करून. मला पानं बघायचीच नव्हती.

लग्नाचं पान आलं, टाळ्या पडल्या. ती हसत होती. माथेरानचं आलं. ती हसत होती, पण मान जरा पुढे आली. वास्तुशांतीच्या पानाला हसू गेलं. मुंजीच्या पानाला तिने पदर सावरला आणि सोफ्यावर ताठ बसली. मग ती शोधायला लागली. मला दिसत होतं ते. पान आलं की तिची नजर डावीकडून उजवीकडे फिरायची आणि एका हातावर येऊन थांबायची. शेवटच्या पानाला तिने मान वळवली आणि सरळ माझ्याकडे बघितलं.

तिला कळलं होतं. हे मी का केलं तेही कळलं होतं. मला इतका आनंद झाला की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बाजूच्या बाईला वाटलं पानं बघून मी हळवी झाले. तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला.

आता कुणीतरी विचारेल म्हणून मी थांबले. तिची मुलं विचारतील, 'आई कुठंय?' बोभाटा होईल, मग मी सगळ्यांसमोर त्या कलशाची गोष्ट सांगेन. वाक्यं तयार होती माझी. मुलं शिट्ट्या वाजवत होती. सुना मोबाइलवर पडदा टिपत होत्या. मग दीर उठले, माइक घेतला आणि म्हणाले, "माझं अख्खं आयुष्य आज या पानांत आलं. काही म्हणून सुटलं नाही."

टाळ्यांचा कडकडाट झाला. तीही वाजवत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती वर आली. मी भाजी चिरत होते. दारातच उभी राहिली. एरवी ती शहरी बोलते, शिकलेली आहे. त्या दिवशी माहेरचं बोलली. "कोनाच्याच ध्यानात नाय आला गो."

मी विळी बाजूला सारली. महिनोन्महिने जपून ठेवलेलं वाक्य मी तिला ऐकवलं. "आता कसं वाटतं, ताई?"

ती म्हणाली, "तुज्या आयेच्या वेलेला तुज्या तरी ध्यानात आलता."

खरं सांगते, माझा राग आणखीच वाढला. जिंकले मी होते आणि कणव तिची यायला लागली होती. हे कुठलं शास्त्र? मी तिला बस म्हटलं नाही. कपाटातून हळदीचं नवं पान काढून समोर धरलं. ते मी केव्हाच करून ठेवलं होतं. माझी पोर, आणि समोर आये, पुरी, डोक्यापासून पायापर्यंत. मागे मिठाचे शुभ्र दाणे, कडेला तिच्याच लुगड्याचा काठ. तोरण नाही.

"हे चिकटणाऱ्या कागदावर छापून आणते. तुम्ही घरोघर जायचं, तुमच्या हातांनी लावायचं, आणि का लावताय ते सांगायचं. मी बरोबर येणार."

"येते," ती म्हणाली.

आम्ही रिक्षा केली. मी मदतीला गेले नव्हते, बघायला गेले होते. कामोठ्याला तिच्या नणंदेकडे, म्हणजे माझ्याही, ती म्हणाली, "छपाईत चूक झाली होती." मी खोकले. मग म्हणाली, "माझी चूक झाली होती. मी हिच्या आयेला झाकलं होतं." नणंद म्हणाली, "कुठे झाकलं? आम्ही कधी बघितलंच नाही बाई. कलश होता ना तिथे?" कळंबोलीला मामेसासऱ्यांकडे अल्बम माळ्यावर होता, खोक्यावर धूळ. सगळीकडे हेच. ज्याच्यासाठी तिने एवढं केलं आणि मी एवढी जळले ते पान कुणी नीट उघडलंसुद्धा नव्हतं. ती प्रत्येक घरी खाली बसून, पदर खोचून, बुडबुडा राहू नये म्हणून बोटाने दाबून दाबून पान लावत होती. मी चहा पीत होते.

शेवटी उरणकडे, आयेच्या घरी. आयेने आम्हाला पाणी दिलं. तिची विचारपूस केली, दिरांच्या साठीची विचारली. मला राग आला, आये हिच्याशी एवढं गोड का बोलते म्हणून. जावेने पिशवीतून पान काढलं आणि म्हणाली, "आये, माझं चुकलं. हे लावायला आलेय."

आयेने पान खिडकीपाशी नेलं, डोळे बारीक करून बघितलं. "बरा दिसतंय. हा मी भिंतीवर लावीन." मग म्हणाली, "पन माजे अल्बमाला हात लावू नको."

मी म्हटलं, "आये, अगं त्यासाठीच तर आलोय."

आयेने टीव्हीवरचा अल्बम काढला. बाकी सगळ्यांकडे खोक्यात होता, आयेचा अल्बम उघडाच, वर फक्त एक धुतलेलं फडकं. तिने तो मांडीवर ठेवला आणि तो आपसूक हळदीच्या पानावर उघडला. बाकीची पानं अजून एकमेकांना चिकटलेली, कोरी करकरीत. हे एकच पान बोटांनी मळलेलं, कडा झिजलेल्या, कलशावर तर तेलाचे डाग.

"येल त्याला दाखवतंय मी," आये म्हणाली. तशीच हसत होती, त्या दिवशी हसली होती तशीच. "दूधवाल्याला दाखवला. आशाताईला दाखवला. मयताला येतान त्यानला दाखवला. माजे पोरीच्या जावेनी मना कलश केला, असा सांगतंय. आमचे गावान तुला सगली वलखतान."

माझ्या जावेचा चेहरा बघण्यासारखा झाला. मी पोटभर बघितला.

आये उठली, मागच्या दाराशी गेली आणि कुडाच्या वरून हाक मारली, "आली गो! ये बगायला!"

शेजारीण आली, तिच्यामागून तिची सून आली, मग आणखी दोघी हात पुसत आल्या. ओट्यावर बसल्या. त्यांनी एकदा पानाकडे बघितलं आणि एकदा हिच्याकडे. एकीने विचारलं, "हीच काय ती?" आये म्हणाली, "हीच." माझी जाऊ पिशवी उचलून उठायला लागली. आयेने तिला खांद्याला धरून परत खाली बसवलं, मायेने, आपल्या लेकीला बसवावं तसं.

"बस गो बाय, घाई कं हाय? खालचे आलीतल्या अजून यायच्या हान."